मतदान झालं, मोजणी २१ ला. तोपर्यंत माणसाने करायचं काय?

खाजणवाट | ३ डिसेंबर २०२५, सकाळी ६.५०

मंडळी, आज सकाळी दहाला मोजणी होती. या घटकेला मी आंघोळ उरकून, देवापुढे नारळ ठेवून, पांढरा शर्ट घालून दारात उभा असायला हवा होतो. त्याऐवजी लुंगीवर बसून धागा काढतोय.

किनाऱ्यावरची आमची छोटी नगरपरिषद. माझी वहिनी आमच्या प्रभागातून ‘अ’ जागेवर उभी आहे. काल सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत मतदान झालं. दुपारी बूथवर वडापाव वाटत होतो तेवढ्यात कोणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली की हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांचीच मोजणी २१ तारखेला ढकलली. आधी वाटलं अफवा. मग समोरच्या पॅनेलच्या मांडवातही सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले दिसले. तेव्हा कळलं, खरं आहे.

२०१६ साली २७ नोव्हेंबरला मतदान नि २८ ला दुपारपर्यंत गुलाल. नोटाबंदीचे दिवस, बँकेच्या रांगेतून उठून मतदानाच्या रांगेत गेलो होतो, तरी दुसऱ्या दिवशी मोकळे. त्यानंतर नऊ वर्षं निवडणूकच नाही, पाच वर्षांची मुदत संपल्यावर प्रशासक. आता झाली तर ही तऱ्हा.

खरी पंचाईत वेगळीच आहे. लढत घासून आहे. मतदार यादीवर टिका मारून मी रात्री तीनदा बेरीज केली. देवळामागची वाडी आपली धरली तर आम्ही वीस-बावीसने वर, नाही धरली तर दहाने खाली. त्या वाडीतले लोक दोन्हीकडे हसून बोलतात. आणि २० किलो पेढे सांगून ठेवलेत ते काल संध्याकाळीच घरी आले. हलवाई परत घेत नाही म्हणतो.

---

रापणकर | ३ डिसेंबर, ७.२५

पेढे हडे पाठव, आमी निकाल लावतो. 😄

रापण वडताना पण असाच असता. जाळा किनाऱ्याक येयसर कोणाक म्हायत नसता आत बांगडो आसा की नुसती खवळी. पण १९ दिस रापण पाण्यात ठेवन कोण बसता काय रे?

---

कोकणकन्या_एस७ | ३ डिसेंबर, ९.१०

आम्ही डोंबिवलीहून सोळा जण आलो होतो मतदानाला. मंगळवार असून रजा टाकली. रात्रभर गाडीत बसून, मत टाकून, सासूबाईंच्या हातचं कुळथाचं पिठलं खाऊन परत रात्रभर गाडीत. आज ऑफिसात डोळे मिटतायत आणि सगळे विचारतात, “काय झालं तुमच्या गावाला?” काय सांगू? मशीन झोपलंय.

मोजणी कोर्टाने का अडवली, कोणी नीट सांगेल का? व्हॉट्सअ‍ॅपवर सहा कारणं फिरतायत.

---

वकीलच_पण_दिवाणी | ३ डिसेंबर, ११.४०

थोडक्यात सांगतो, उगाच कट वगैरे शोधू नका.

राज्यात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम एकत्र जाहीर झाला. अर्जांच्या छाननीवर काही ठिकाणी उमेदवार जिल्हा न्यायालयात अपिलात गेले. काही अपिलांचे निकाल उशिरा लागले, त्यामुळे तिथे अर्ज मागे घ्यायला जी मुदत द्यावी लागते ती उरली नाही. राज्य निवडणूक आयोगाने अशा ठिकाणचं मतदान २० डिसेंबरला नेलं. काही गावांत अख्खी नगरपरिषद पुढे गेली, काहींत फक्त एखाद-दुसरा प्रभाग. आता बाकीच्यांचे निकाल ३ ला लागले असते तर २० ला मतदान करणाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला असता. म्हणून सगळ्यांची मोजणी एकदम २१ ला. आचारसंहिता तोवर चालू, एक्झिट पोलही २० चं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत बंद.

युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण हे मतदान चालू असताना कळावं हे काही बरं नाही. आदल्या आठवड्यात कळलं असतं तर खाजणवाट यांचे पेढे वाचले असते.

---

संपादक | ३ डिसेंबर, १२.०५

पक्ष, चिन्ह आणि ‘आमचा अंदाज’ यांवरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. वर एक्झिट पोलबद्दल लिहिलंय ते वाचा.

---

सोलकढी | ३ डिसेंबर, रात्री १०.१५

खाजणवाट, तुम्ही कुठले ते लिहिलं नाहीत, पण देवळामागच्या वाडीवरून मला ओळख पटल्यासारखी वाटते. ती वाडी आमची आहे. टीक खोडा.

---

खाजणवाट | ३ डिसेंबर, १०.२२

@सोलकढी, देवळामागे वाडी कोकणात कुठल्या गावाला नसते? 😀 खोडत नाही.

---

फळा_खडू | ४ डिसेंबर, सकाळी ८.३०

मी प्राथमिक शिक्षक होतो, कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीच्या कामाला बऱ्याचदा गेलोय. तुम्ही मंडळी १९ दिवस म्हणून ओरडताय, पण तेव्हा मोजणी सुरू झाल्यावरची वाट बघणं हा वेगळाच प्रकार होता. पेट्या उघडायच्या, मतपत्रिका एकमेकांत मिसळायच्या म्हणजे कुठल्या वाडीने कोणाला दिलं ते कळू नये, मग उमेदवारांप्रमाणे गठ्ठे. शिक्का दोन खणांच्या रेघेवर पडला की झालीच भांडणं. एका मतपत्रिकेवर एका गृहस्थांनी शिक्क्याऐवजी ‘सर्वांना शुभेच्छा’ लिहिलं होतं. ती बाद करताना मला वाईट वाटलं.

बोटांना खळ आणि शाई. रात्री दोनला पिठलं-भात. बाहेर मैदानात माणसं घोंगडी घेऊन बसलेली, कोणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बातम्या. १९९१ ला लोकसभेला मधू दंडवते राजापुरातून पडले, त्या वेळचा आमच्या गावातला शुकशुकाट अजून आठवतो. चहाच्या टपरीवाल्याने पैसे घेतले नाहीत कोणाकडून. त्यांना मत न देणारेही गप्प होते.

यंत्रामुळे एक गोष्ट गेली. पूर्वी मिसळल्यामुळे वाडीचं गुपित राहायचं. आता यंत्रागणिक आकडा बाहेर येतो. देवळामागच्या वाडीचं २१ ला कळेलच, तोवर दोघांनी दम धरा.

---

खाजणवाट | ४ डिसेंबर, रात्री ९.४०

मास्तर, ‘सर्वांना शुभेच्छा’वर घरात सगळे हसले.

पेढ्यांचं सांगायचं राहिलं. आज दत्तजयंती. काल रात्री आईने पेढ्याचा वास घेतला आणि म्हणाली, “उद्यापर्यंत ठीक, परवा नाही.” तेव्हा सगळे डबे उचलून दत्ताच्या देवळात. तिथे जातो तर समोरच्या पॅनेलची दोन माणसं तेच डबे, त्याच हलवायाचे, हातात घेऊन उभी! एकमेकांकडे बघितलं, कोणी काही बोललं नाही. पुजाऱ्याने दोन्हीकडचे एकाच परातीत ओतले आणि वर तुळशीपत्र ठेवलं. गावाने दोन्ही विजयांचे पेढे एकत्र खाल्ले. बँजोवाल्याने मात्र आगाऊ रक्कम परत द्यायला नकार दिला, २१ ला येतो म्हणाला, पण लग्नसराईचा दर लागेल.

---

सोलकढी | ४ डिसेंबर, ९.५५

केशरी आमचे होते. पांढरे तुमचे. साखर जास्त होती पांढऱ्यांत.

---

शंकासुर_नव्हे | ६ डिसेंबर, १.१५

सुप्रीम कोर्टानेही २१ तारीख कायम ठेवली म्हणे. म्हणजे आता फाटे फुटायला जागा नाही. पण मी सरळच विचारतो, १९ दिवस मशीन खोलीत पडून राहणार, या निवडणुकीला व्हीव्हीपॅटही (मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र) नाही. बॅटरी उतरली तर? मधल्या मध्ये कोणी काही केलं तर? मी कुठल्या पक्षाचा नाही, पण झोप लागत नाही.

---

वकीलच_पण_दिवाणी | ६ डिसेंबर, ३.००

बॅटरीचं: मतं बॅटरीवर टिकत नाहीत. बॅटरी काढून ठेवली तरी कंट्रोल युनिटच्या मेमरीत नोंद राहते. मोजणीला चालू होत नसेल तर बॅटरी बदलतात. २०२४ ला हरियाणात काही यंत्रांची बॅटरी ९९ टक्के कशी म्हणून गदारोळ झाला होता, त्यातून ही भीती घरोघर पोचली.

‘कोणी काही केलं तर’चं उत्तर विश्वास ठेवा असं मी देणार नाही. कागद ठेवा. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष यंत्रातल्या एकूण मतांचा हिशेब लिहून देतो, त्याची प्रत तुमच्या मतदान प्रतिनिधीकडे असायला हवी. त्यावर कंट्रोल युनिटचा नंबर आणि मोहोरेचे नंबर. २१ ला टेबलावर यंत्र आलं की आधी नंबर जुळवा, मोहोर बघा, मग एकूण आकडा. तिन्ही जुळलं तरच पुढचं बटण दाबू द्या. पेढ्यांची पावती जपता, ही का नाही जपत?

आणि लोकसभेला ७ मे ला आपलं मतदान, ४ जूनला मोजणी. अठ्ठावीस दिवस. तेव्हा कोणाची झोप गेली नव्हती, कारण तेव्हा ते आधीपासून ठरलेलं होतं.

---

खाजणवाट | ६ डिसेंबर, ३.२०

पावती शोधतो. आमचा मतदान प्रतिनिधी म्हणजे माझा पुतण्या. तो म्हणतो पँटच्या खिशात होती. पँट धुवायला गेली.

---

खाजणवाट | ६ डिसेंबर, ५.०५

सापडली. वहिनीने धुण्याआधी खिसे बघितले. तिला मत द्यायला हे एकच कारण पुरे.

---

रापणकर | ७ डिसेंबर, ८.४०

वयनीक सांग, निवडान इली तर पयलो जेटीवरचो दिवो लाव म्हणान. चार वर्षां प्रशासक होतो, तेणां एक बल्ब नाय बदललान.

---

दूरदेशी | ८ डिसेंबर, रात्री ११.३०

पेनसिल्व्हेनियात राहतो. २०२० ला इथे ३ नोव्हेंबरला मतदान झालं आणि शनिवारी, ७ तारखेला, चित्र स्पष्ट झालं. चार दिवस टीव्हीवर तोच नकाशा. टपाली मतं मतदानाच्या दिवशी सकाळपर्यंत उघडायचीच नाहीत असा इथला कायदा, म्हणून उशीर. आईचा रोज फोन, “झालं का रे तुमचं? आमच्याकडे यंत्र आहे, दुपारपर्यंत उरकतं.” आता मी तिला रोज फोन करतो. 😏

२००० साली फ्लोरिडात तर ५३७ मतांसाठी पाच आठवडे भांडण चाललं, ते शेवटी सुप्रीम कोर्टाने थांबवलं.

---

फळा_खडू | ९ डिसेंबर, ७.१५

५३७ म्हणजे पुष्कळच. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने पडले. मुंबई महापालिकेत २०१७ ला २२० नंबरच्या प्रभागात दोघांना ५,९४६ अशी सारखी मतं पडली आणि चिठ्ठी काढली. आणि गेल्या वर्षी मुंबई वायव्यला यंत्रांच्या मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे होते, टपाली मतं धरल्यावर वायकर ४८ ने आले.

आपल्या रायगडचं कोणी काढलं नाही अजून! २०१४ ला लोकसभेला गीते सुनील तटकरेंवर २,११० ने आले आणि सुनील तटकरे याच नावाच्या दुसऱ्या एका अपक्षाने साडेनऊ हजारांहून जास्त मतं खाल्ली. नावाचा महिमा. खाजणवाट, तुमच्या वहिनींच्या नावाची दुसरी कोणी उभी नाही ना?

---

खाजणवाट | ९ डिसेंबर, ७.५०

नाही. पण तीन बटणांचा घोळ आहे. ‘अ’, ‘ब’ आणि नगराध्यक्ष. आमच्या बूथवर एक आजी एकच बटण दाबून बाहेर निघाल्या. अधिकारी मागून ओरडतोय, “आजी, अजून दोन!” आजी म्हणाल्या, “माझ्या ओळखीचा एकच आहे.” शेवटी परत नेलं. ती बाकीची दोन कुठे गेली असतील, यावर आमच्या घरी रोज चर्चा असते.

---

खाजणवाट | १३ डिसेंबर, पहाटे ४.१०

पहारा चालू आहे. आता सविस्तर लिहितो, झोप लागणार नाहीच.

यंत्रं पालिकेच्या सभागृहात आहेत. दाराला मोहोर, आत पोलीस, बाहेर मांडवात एक टीव्ही ठेवलाय, त्यावर आतल्या कॅमेऱ्याचं चित्र. चित्र म्हणजे काय, एक बंद दार. दोन्ही पॅनेलची चार-चार मुलं रात्रपाळीला. पहिल्या रात्री मांडवाच्या दोन टोकांना दोन शेकोट्या होत्या. तिसऱ्या रात्रीपासून लाकडं कमी पडायला लागली, म्हणून एकच. आम्ही वाऱ्याच्या बाजूला, ते धुराच्या. दर तासाला बाजू बदलायची असं ठरलं, तेही कोणी न बोलता. बोलणं सगळं बांगड्याचा भाव, यंदा हापूसला मोहोर कसा आलाय आणि कुठल्या गावात दशावतार आहे एवढंच. निवडणुकीचं नाव नाही. समोरचा एक मुलगा रोज लाल झाकणाच्या थर्मासातून कोरा चहा आणतो नि पहिला कप पोलिसाला देतो.

आज अडीचच्या सुमाराला सगळे पेंगत होते. एकदम टीव्हीवर अर्धं दार काळं झालं. मग त्या काळ्याला बोटं फुटली. आमचा पुतण्या किंचाळला, “हात! कोणीतरी हात घातला!” आठही जण दाराकडे धावले. शेकोटीवरचं पातेलं लवंडलं. पोलीस आतून ओरडतोय, मागे सरका. दोन्हीकडच्या उमेदवारांना फोन गेले. पंधरा मिनिटांत वहिनी स्वेटर उलटा घालून हजर, समोरचे उमेदवार मफलर गुंडाळून हजर, निवडणूक अधिकाऱ्यांचा फोन. सगळे टीव्हीपुढे उभे. तेवढ्यात ते काळं हळूच सरकलं, शेपूट दिसली.

पाल. कॅमेऱ्याच्या काचेवर.

समोरचे काका म्हणाले, “चुकचुकली का?” वहिनी म्हणाली, “चुकचुकली असती तरी कोणासाठी ते कसं कळणार?” नऊ वर्षांत ही दोघं एकमेकांशी बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. रीतसर नोंदवहीत लिहिलंय: ‘२.३४ वा. पाल.’ दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत.

---

कोकणकन्या_एस७ | १३ डिसेंबर, ९.००

लोकलमध्ये वाचून एवढी हसले की शेजारची बाई सरकून बसली. नोंदवहीचा फोटो टाका ना!

---

संपादक | १३ डिसेंबर, ९.३०

नको. सह्या आहेत त्यावर.

---

सोलकढी | १३ डिसेंबर, १०.४५

२.३४ नाही, २.४३. आणि पातेलं लवंडलं नाही, तुमच्या पुतण्याने लाथ मारली.

आणि तो कोरा चहा नसतो. गवती चहा असतो. आई घालून देते.

---

खाजणवाट | १३ डिसेंबर, १०.४८

!!!

---

रापणकर | १३ डिसेंबर, ११.००

मेल्यांनो, १० दिस एकाच धुरात बसान हय भांडतास!

---

शंकासुर_नव्हे | १७ डिसेंबर, २.२०

विषय हसण्यावारी गेला, हरकत नाही. पण मला एक सांगा, लहान गावात या १९ दिवसांचा त्रास मशीनपेक्षा माणसांना जास्त नाही का? आमच्या शेजारी किराणा दुकान आहे. दुकानदार कोणाचा ते सगळ्यांना माहीत. निकाल लागला असता तर दोन दिवस धुसफुस झाली असती नि संपलं असतं. आता निकालच नाही, म्हणून राग काढायलाही येत नाही नि सोडायलाही. लोक दोन आठवडे लांबच्या दुकानातून साखर आणतायत.

---

खाजणवाट | १७ डिसेंबर, २.५५

अगदी. माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ३ तारखेपासून देवळामागच्या वाडीतून एकही गिऱ्हाईक नाही. मिक्सर बिघडले नसतील असं नाही. आले तर मी चेहरा वाचेन, ही भीती. आणि खरंच वाचला असता, खोटं कशाला बोलू.

वहिनीचंही तेच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी हळदीकुंकवाला कोण आलं, कोण नाही आलं, याची आई वहीत नोंद करते. वहिनीने काल ती वही घेतली आणि ट्रंकेत टाकली.

---

खाजणवाट | २१ डिसेंबर, दुपारी १.३५

निकाल. दहाला सुरू झालं, आमचा प्रभाग साडेअकराला टेबलावर. नंबर जुळले, मोहोर जुळली, पावतीवरचा आकडा जुळला.

‘अ’ जागा: वहिनी नऊ मतांनी आली.
‘ब’ जागा: आमचा माणूस एकतीसने पडला.
देवळामागची वाडी: ‘अ’ला आमची, ‘ब’ला त्यांची.

नोटाला सत्तावीस आहेत. आई विचारते, ही नोटा कोणाची सून?

समोरच्यांनी फेरमोजणी मागितली. यंत्राचं बटण पुन्हा दाबलं, पुन्हा नऊच. फटाक्यांच्या माळा १९ दिवस माळ्यावर होत्या, दमट झाल्यात. तीन वाजल्या आणि विझल्या. बँजो आला, दुप्पट दराने. नाचायला त्यांचीही मुलं होती, कारण ‘ब’ त्यांचं.

---

रापणकर | २१ डिसेंबर, १.५०

अभिनंदन! जेटीवरचो दिवो!!

---

दूरदेशी | २१ डिसेंबर, २.३०

इथे मध्यरात्र उलटून बराच वेळ झालाय, पण जागा होतो. वहिनींचं अभिनंदन.

---

सोलकढी | २१ डिसेंबर, रात्री ११.१०

नऊ मतं. त्यातली सात कोणाची ते मला माहीत आहे. मुंबईची गाडी महामार्गावर पंक्चर झाली, सात जण साडेपाचनंतर पोचले. फाटक बंद. त्यातली एक माझी सख्खी मावशी. १९ दिवस हे पोटात ठेवलं होतं, आज लिहितो. उरलेली दोन सापडली तरी नऊच होतात, चिठ्ठीच काढावी लागली असती, हे पण कळतंय. तरी.

अभिनंदन म्हणायला दोन-चार दिवस लागतील. राग नाही.

---

खाजणवाट | २१ डिसेंबर, ११.२५

सावकाश म्हण. घाई नाही.

तुझा थर्मास मांडव काढताना आमच्या सामानात आलाय. दुकानात ठेवलाय, धुतलाय. लाल झाकणाची रबरी रिंग गेलेली होती, नवीन घातली आहे. उद्या दुकान नऊला उघडतं.

---

सोलकढी | २१ डिसेंबर, ११.४०

रिंगचे किती?